परागकणांच्या वाटेने उत्तरेकडे: लुंड ते अबिस्को

स्वीडनच्या रस्त्यांवरून जाताना दोन्ही बाजूंना स्प्रूसचे जे गर्द अरण्य दिसते, ते अनादी काळापासून इथेच असावे अशी कोणाचीही समजूत व्हावी. प्रत्यक्षात सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी ही सगळी भूमी बर्फाखाली होती, बोथनियाच्या आखाताच्या परिसरात त्या बर्फाची जाडी तीन किलोमीटरच्या आसपास होती, आणि आज इथे उभी असलेली जवळजवळ सगळी वृक्षसंपदा बर्फ हटल्यानंतर बाहेरून आलेली आहे. कोणते झाड केव्हा आले, कोणत्या दिशेने आले आणि आल्यावर कोणाची जागा घेतली, हे जाणण्याचे मुख्य साधन म्हणजे तळ्यांच्या गाळात आणि दलदलींतील पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, साचलेले परागकण. माझी भाची दक्षिण स्वीडनमधील लुंडला याच विषयात संशोधन करते. मी स्वतः बरीच वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले असल्यामुळे, यंदा जूनमध्ये सपत्नीक तिच्याकडे जायचे ठरल्यावर, स्टॉकहोमचे राजवाडे बाजूला ठेवून दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे बहुतेक झाडे ज्या वाटेने गेली त्याच वाटेने जायचे, असा बेत आम्ही आखला.

सोमवार, लुंड

कोपनहेगनच्या विमानतळावरून लुंडला थेट रेल्वे आहे, त्यामुळे दुपारच्या जेवणाला आम्ही भाचीच्या घरी होतो आणि तिसऱ्या प्रहरी तिच्या प्रयोगशाळेत.

तिने सर्वांत आधी दाखवली ती एक पांढरी गोळी. औषधाच्या गोळीसारख्या दिसणाऱ्या या गोळीत लायकोपोडियम या वनस्पतीचे बीजाणू मोजून भरलेले असतात. या गोळ्या लुंड विद्यापीठातच तयार होतात आणि जगभरच्या परागशास्त्रज्ञांकडे जातात. त्यांचे प्रयोजन समजून घेण्यासारखे आहे. परागकणांची नुसती टक्केवारी काढली, तर पाइनचे कण वाढले की बर्चचे कण आपोआप घटल्यासारखे दिसतात, मग बर्चची झाडे प्रत्यक्षात होती तितकीच का असेनात. नमुन्यात ठरावीक संख्येने परके बीजाणू मिसळले आणि मोजणीत त्यांतले किती सापडले हे पाहिले, म्हणजे प्रत्येक घनसेंटिमीटर गाळात कोणत्या झाडाचे खरोखर किती कण होते याचा हिशेब लागतो.

हे कण हजारो वर्षे टिकतात कसे, हा प्रश्न माझे विद्यार्थी नेहमी विचारीत. परागकणाचे बाह्य आवरण स्पोरोपोलेनिन नावाच्या अतिशय चिवट द्रव्याचे असते आणि जिथे प्राणवायू पोहोचत नाही अशा ओल्या गाळात ते कुजत नाही. प्रयोगशाळेत त्या गाळाला कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवतात, वाळूचे कण हायड्रोफ्लोरिक आम्लाने विरघळवतात, उरलेला वनस्पतींचा चोथा ॲसिटिक अनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्या नवास एक मिश्रणाने नाहीसा करतात, आणि या सगळ्यातून आवरण शाबूत राहते. सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहिले ते कण सॅफ्रानिन या रंगाने गुलाबी झालेले होते. मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा, तीन छिद्रांचा, जवळजवळ गोल कण बर्चचा. चार-पाच छिद्रांचा आणि छिद्रांना जोडणाऱ्या कमानींचा तो आल्डरचा. दोन्ही अंगांना हवेच्या पिशव्या असलेला मोठा कण पाइनचा. आणि एकाच छिद्राचा, बाकी गुळगुळीत, तो गवताचा. एका नमुन्यात असे निदान तीनशे ते पाचशे कण ओळखून मोजावे लागतात, आणि एका दलदलीतून असे नमुने शेकड्यानेही निघू शकतात.

पीटमध्ये परागकण असतात हे आधीपासून ठाऊक होते. परंतु प्रत्येक थरातील कण मोजून, त्यांची टक्केवारी खोलीप्रमाणे आलेखात मांडून, त्यातून अरण्यांचा इतिहास वाचण्याची रीत लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाने १९१६ साली क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ओस्लो शहरात भरलेल्या स्कँडिनेव्हियन निसर्गशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडली. तेव्हा किरणोत्सारी कार्बनची कालगणना नव्हती. गेरार्ड दे येर यांनी हिमनद्यांच्या मुखाशी साचलेल्या चिकणमातीचे वार्षिक थर मोजून काढलेली वर्षे एवढाच काय तो काळाचा आधार होता. त्या परिस्थितीत उभारलेली ही पद्धत शंभर वर्षांनंतरही तशीच वापरात आहे, याचा मला मनापासून आदर वाटतो.

परतताना भाचीने आल्नार्पच्या दिशेला हात दाखवला. लुंडपासून जवळच असलेल्या त्या ठिकाणच्या चिकणमातीत आल्फ्रेड नाथोर्स्ट यांना १८७० साली ध्रुवीय विलो आणि ड्रायस या टुंड्रातील वनस्पतींच्या पानांचे अवशेष सापडले होते. आज जिथे गहू आणि बीट पिकते, तिथे एके काळी ही खुरटी झुडपे होती. “मामा, जिवंत ड्रायस बघायची असेल, तर तुला शेवटपर्यंत माझ्याबरोबर यावं लागेल,” ती म्हणाली.

मंगळवार, लुंडच्या ईशान्येकडील दलदल

या दिवसाचे वर्णन मी जरा सविस्तर करणार आहे, कारण सगळ्या प्रवासाचे मर्म तिथे कळले. जागामालकाची परवानगी आधीच काढलेली होती. स्वीडनमध्ये कोणाच्याही रानात फिरण्याची, बोरे-अळंबी वेचण्याची मुभा सर्वांना आहे, पण जमिनीत छिद्र पाडून नमुने नेणे त्या मुभेत बसत नाही, आणि राष्ट्रीय उद्यानात तर वेगळी परवानगी लागते. आपल्याकडून जाणाऱ्या अभ्यासकांनी हे ध्यानात ठेवावे. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेतच. आमच्या सौभाग्यवतींनी भाचीचे जुने बूट दोन मोज्यांवर चढवले आणि दिवसभर आमच्याबरोबर चालल्या.

रशियन पद्धतीचा गिरमिट म्हणजे अर्धा मीटर लांबीची अर्धगोल नळी आणि तिला बिजागरीने जोडलेली सपाट पाती. नळी बंद ठेवून हव्या त्या खोलीवर दाबायची, दांडा अर्धा फिरवायचा, आणि वर ओढली की त्या खोलीचा न ढवळलेला तुकडा हातात येतो. वरचे थर फिकट तपकिरी, स्फॅग्नम शेवाळाची पाने नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतील इतके ताजे. भाचीने त्यातला एक गोळा माझ्या हातात ठेवला. “मामा, मुठीत घट्ट पिळ, आणि बोटांतून काय निघतं ते सांग.” नितळ पाणी निघाले. दोन मीटर खालचा गोळा पिळला, तेव्हा गढूळ काळसर पाणी आणि त्याबरोबर थोडा लगदाही बोटांच्या फटींतून बाहेर आला. पीट किती कुजले आहे हे मुठीत पिळून एक ते दहा अशा श्रेणीत ठरवण्याची ही रीतही फॉन पोस्ट यांचीच आहे. स्वीडनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी पीटच्या साठ्यांची पाहणी करताना त्यांनी ती बसवली आणि आजही तिला दुसरे कोणतेही उपकरण लागत नाही.

आणखी खाली गेल्यावर पीट संपले आणि तळ्याचा जुना गाळ लागला. हिरवट तपकिरी, लवचीक, कापला की खरवसासारखा तुळतुळीत. दलदल होण्याआधी इथे उघडे पाणी होते, याचा तो पुरावा. आणि सर्वांत तळाशी निळसर करडी, हाताला थंड लागणारी चिकणमाती आली. बर्फ नुकताच हटलेला असताना उघड्या डोंगरउतारांवरून वाहून आलेली ती माती मी बराच वेळ बोटांत धरून बसलो होतो.

डबा खाताना भाचीने तिच्या आधीच्या मोजणीचा आलेख मांडीवर पसरला आणि तळापासून वर वाचून दाखवला. सर्वांत खाली गवते, लव्हाळे आणि आपल्या दवण्याच्या प्रजातीतील आर्टेमिसिया. मग बर्च चढू लागतो, आणि सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी पुन्हा घसरतो, कारण थंडी परतते. ड्रायसच्या पानांवरून ज्याला धाकटा ड्रायस हे नाव मिळाले, तो हा सुमारे बाराशे वर्षांचा गारठा. ११,७०० वर्षांपूर्वी तो संपतो आणि मग बर्च, पाइन, त्यामागून साधारण साडेदहा हजार वर्षांपूर्वी हेझलची प्रचंड लाट, नंतर आल्डर, एल्म, ओक, लिंडेन अशी झाडे एकामागून एक येतात. सुमारे ५,८०० वर्षांपूर्वी एल्मची रेघ एकदम खाली येते. त्याचे कारण झाडांचा रोग, हवामान की शेतकऱ्यांची कुऱ्हाड, याबद्दल अभ्यासक अजून वाद घालतात. त्यानंतर लवकरच धान्याचे कण आणि इसबगोलाच्या प्रजातीतील, गुरांच्या पायवाटांवर वाढणारे एक तण दिसू लागते. डेन्मार्कचे योहानेस इव्हर्सन यांनी १९४१ साली या खुणांवरूनच तिथल्या पहिल्या शेतकऱ्यांचे आगमन ओळखले होते. बीच मात्र आलेखाच्या अगदी माथ्याशी, गेल्या दीड-दोन हजार वर्षांत पसरलेला. स्कोने प्रांताची शान म्हणून जी बीचवने दाखवली जातात, ती रोमन साम्राज्यापेक्षा फारशी जुनी नाहीत.

यातून मला जे उमगले ते असे, की अरण्य म्हणून आपण जे एकसंध पाहतो ते कधी एकत्र प्रवास करीत आलेलेच नाही. प्रत्येक झाड आपापल्या वेळी, आपापल्या दिशेने आले. ओक आणि बीच शेजारी उभे असतात म्हणून त्यांचा इतिहास एक होत नाही.

बुधवार, स्टोरे मोसे

स्मोलांडमधील स्टोरे मोसे हे १९८२ साली घोषित झालेले राष्ट्रीय उद्यान दक्षिण स्वीडनमधील सर्वांत मोठी दलदल सांभाळते. फळ्यांच्या वाटेवरून कोणालाही, लहान मुलांसह, सहज फिरता येते. ऊन स्वच्छ होते, वारा होता, दूरवर क्रौंच ओरडत होते. एका डबक्याच्या कडेला पाण्यावर पिवळी साय दिसली. बोट बुडवले तर बोटाला पिवळी भुकटी लागली. पाइनचा पराग! त्या दिवशी वाऱ्याबरोबर तो धुरासारखा उडत होता आणि आमच्या गाडीच्या काचेवरही बसला होता.

पाइन किंवा बर्चसारखी वाऱ्यावर परागण करणारी झाडे अफाट पराग सोडतात आणि तो शेकडो किलोमीटर जातो. लिंडेनचे परागण कीटक करतात, त्यामुळे तिचा पराग थोडा आणि झाडाच्या आसपासच पडतो. म्हणून आलेखात लिंडेनचे पाच टक्के म्हणजे रानात लिंडेन बरीच, आणि पाइनचे पाच टक्के म्हणजे कदाचित एकही झाड जवळ नाही, असा अर्थ असू शकतो. हा भेद हिशेबात धरण्यासाठी शिन्या सुगिता यांनी २००७ मध्ये गणिती प्रतिमाने मांडली, आणि मारी-जोझे गायार व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या आधारे युरोपातील भूमीवर झाडोरा किती आणि मोकळे रान किती याचे अंदाज बांधले. उत्तरेत परागकण मोजण्याची पद्धत इतकी फलदायी ठरली, याचे एक कारण तिथली बहुतेक प्रमुख झाडे वाऱ्यावर विसंबून आहेत हेही आहे. आपल्याकडे लोणारच्या सरोवराच्या गाळावरून पावसाच्या हजारो वर्षांच्या चढउतारांचा अभ्यास झाला आहे, परंतु आपली निम्म्याहून अधिक रानझाडे कीटकांवर अवलंबून असल्याने नुसत्या परागकणांवरून आपले रान वाचणे अधिक अवघड आहे.

संध्याकाळी एका खेड्यातील बेकरीत बन घेतले आणि वेलदोड्याचा वास आला. स्वीडिश लोक गोड पावात सढळ हाताने वेलदोडा घालतात, हे आम्हा दोघांनाही नवे होते. दुकानातील बाईंनी सौ.ला कृती तोंडी सांगितली, आणि भाचीने ती भाषांतरित केली.

गुरुवार, उत्तरेचा रस्ता

हा दिवस गाडीत गेला. दुपारी रस्त्याकडेच्या खानावळीत वाटाण्याचे घट्ट सूप आणि नंतर गोड धिरडी मिळाली. गुरुवारी हे जेवण देण्याची तिथे परंपराच आहे. सूपमध्ये डुकराचे मांस असते, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे.

खानावळीत शेजारच्या टेबलावर एक निवृत्त वनाधिकारी बसले होते. आम्ही कशासाठी फिरतो आहोत हे कळल्यावर ते उठून आमच्या टेबलावर आले. खिडकीबाहेरच्या स्प्रूसच्या रांगांकडे बोट दाखवून ते म्हणाले, की दक्षिणेत तुम्ही पाहिलेले बरेचसे स्प्रूस माणसांनी लावलेले आहे, यांतले काही माझ्या वडिलांच्या पिढीने लावले. परागकणांच्या आलेखातही स्प्रूस उलट्या दिशेने चालतो. तो पूर्वेकडून, रशिया-फिनलंडच्या बाजूने आला, मध्य स्वीडनमध्ये सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी जोमाने पसरला, आणि तिथून दक्षिणेकडे सरकला. इतर झाडे उत्तरेकडे जात असताना हा खाली आला. दालएल्वेन नदी ओलांडल्यावर रस्त्याकडेचे ओक जवळजवळ दिसेनासे झाले आणि स्प्रूस, पाइन, बर्च एवढेच उरले.

शुक्रवार, फुलुफ्येलेट

पाऊस आणि आठ अंश तापमान. फुलुफ्येलेट राष्ट्रीय उद्यानात बहुतेक पर्यटक न्युपेशेर धबधब्यासाठी येतात, आणि तो सुंदर आहेच. आम्ही मात्र वरच्या पठारावर ‘ओल्ड चिक्को’ नावाचा स्प्रूस पाहायला गेलो. सुमारे पाच मीटर उंचीचे, वाऱ्याने एका बाजूला झोडपलेले हे झाड पाहून कोणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. परंतु त्याच्या खाली सापडलेल्या लाकडाच्या अवशेषांचे वय किरणोत्सारी कार्बनने सुमारे ९,५५० वर्षे आले. लेइफ कुलमान यांनी ते शोधून काढले. आजचे खोड काही शतकांचेच आहे. जुने खोड मेले की जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळे फुटून नवे खोड उभे राहते, अशा रीतीने हा वृक्ष टिकला असे त्यांचे म्हणणे आहे.

आता अडचण अशी, की परागकणांच्या साक्षीनुसार इथे स्प्रूस काही हजार वर्षांपूर्वीच आला, आणि हे लाकूड त्याच्या कितीतरी आधीचे. धुक्यात उभे राहून भाचीने दोन्ही बाजू मांडल्या. तुरळक, थंडीने खुरटलेली झाडे जवळजवळ परागच सोडत नाहीत, तेव्हा ती आलेखात न दिसता हजारो वर्षे जगू शकतात. दुसरीकडे, खालचे लाकूड आणि वरचे झाड एकाच वंशाचे आहे का, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि नुसत्या वयाने त्याचे उत्तर मिळत नाही. मला स्वतःला पहिला मुद्दा अधिक वजनदार वाटला. परागकण नाहीत याचा अर्थ झाड नव्हते असा घेणे धोक्याचे आहे, आणि ही सावधगिरी हा विषय शिकवताना पहिल्याच तासाला सांगायला हवी.

या झाडाकडे जाणारी वाट ठळक आखलेली नाही, मुळांना इजा होऊ नये म्हणून. उद्यानाच्या माहिती केंद्रात चौकशी करूनच जावे, आणि झाडापासून अंतर ठेवावे.

अबिस्को, पुढचा आठवडा

गाडी परत करून आम्ही स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे धरली. दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर झाडे बुटकी होत गेली आणि अखेर फक्त वेडेवाकडे पहाडी बर्च उरले. अबिस्को ध्रुववृत्तापासून सुमारे दोनशे किलोमीटर उत्तरेला, टोर्नेट्रेस्क सरोवराच्या काठी आहे. डोंगरांच्या पावसाच्या सावलीत असल्यामुळे इथे वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, म्हणजे आकाश बहुधा निरभ्र. इथले संशोधन केंद्र १९१३ पासून चालू आहे. जूनमध्ये सूर्य मावळत नाही, तेव्हा डोळ्यांवर बांधायची पट्टी बरोबर असावी. डास जूनअखेरीस वाढतात, म्हणून महिन्याच्या मध्यास जाणे उत्तम. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात स्वतः रांधता येते. आम्ही भाजणी नेली होती, आणि थालीपिठाचा वास सुटल्यावर दोन जर्मन गिर्यारोहक ताटल्या घेऊन आले, त्यांनाही वाढले.

नुओल्याच्या उतारावर, चुनखडीच्या जमिनीत, ड्रायस फुलली होती. आठ पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळे केसर, आणि वर गडद हिरवी, खाली लोकरीसारखी पांढरी, कातरलेल्या कडेची इवलीशी पाने. आल्नार्पच्या चिकणमातीत सापडलेले पान याच वनस्पतीचे. इथून ते ठिकाण सरळ रेषेत सुमारे चौदाशे किलोमीटर दक्षिणेला. सौ.नी गुडघे टेकून फुलाजवळ तोंड नेले आणि वारा थांबेपर्यंत फोटो काढू दिला नाही.

इथल्या तळ्यांच्या गाळात आजही पाइनचे कण पडतात, जरी पाइनची झाडे आसपास मोजकीच आहेत. मग जुन्या थरातील कण दुरून उडून आलेले की इथल्याच झाडांचे? त्याचे उत्तर परागकणांच्या काचपट्टीवरच कधीकधी मिळते, कारण सूचिपर्णी पानांची पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, हीही त्याच रासायनिक प्रक्रियेतून टिकून राहतात. पराग वाऱ्यावर कुठूनही येतो, पण सुईसारखे पान झाडाजवळच गळते. अशा पुराव्यांवरून आणि आजच्या वृक्षरेषेच्या वर गाळात सापडलेल्या खोडांवरून, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी पाइन आजच्यापेक्षा बराच वर चढलेला होता आणि नंतर थंडी वाढल्यावर खाली आला, असे दिसते. आता हवा पुन्हा तापते आहे. जवळच्या स्तोरदालेन दलदलीत गोठलेली जमीन वितळून पीटचे उंचवटे खचलेले आम्ही फळ्यांच्या वाटेवरून पाहिले.

शेवटच्या संध्याकाळी केंद्रातील एका तरुण संशोधकाबरोबर भाचीचा वाद रंगला. २०१२ साली लॉरा पार्दुची आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतील आन्डोया बेटावरच्या तळ्याच्या गाळातून सूचिपर्णी झाडांचा डीएनए मिळाल्याचे प्रसिद्ध केले आणि हिमयुगातही काही झाडे तिथे तगून होती असे मांडले. त्यावर लगेच इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले. तरुण डीएनएच्या बाजूचा होता. भाची म्हणाली, “बाहेरचा डीएनए नमुन्यात शिरला नाही, हे आधी दाखवा. मला सुईचा एक तुकडा मिळाला तर मी गप्प बसते.” बोलणे मध्यरात्रीपर्यंत, लख्ख उन्हात, चालले. अखेर असे ठरले, की येत्या एप्रिलमध्ये तळे गोठलेले असताना बर्फावरून गाळाचा एकच उभा गाभा काढायचा, त्याचे उभे दोन भाग करायचे, आणि एकाच खोलीवरून परागकण, पर्णरंध्रे आणि डीएनए हे तिन्ही मोजायचे. परागकणांची मोजणी भाचीकडे आली आहे.